एकाला अँटिबायोटिक, दुसरीला नाही. मग चुकलं कोण?

प्रश्न : डॉक्टर, मला दोन मुलं. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. आठवड्याच्या अंतराने दोघांनाही न्यूमोनिया झाला. मुलाला चार-पाच दिवस साधी सर्दी होती. मग एका संध्याकाळी अचानक हुडहुडी भरून १०४ ताप आला, आणि पोट दुखतंय म्हणून तो रडायला लागला. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरा डाग दिसला, रक्ततपासणीत सीआरपी १४०. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं, दोन दिवसांत ताप उतरला, पाच दिवसांचा कोर्स काल संपला. मुलीला तीन दिवस नाक वाहत होतं, परवापासून खोकला, ताप १०१-१०२, छातीत शिट्टीसारखा सूं-सूं आवाज. आमचे डॉक्टर सुट्टीवर होते म्हणून तिला दुसरीकडे नेलं. तिथे नाकातला स्वाब घेतला, आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला, सीआरपी ३५. "व्हायरल न्यूमोनिया आहे बहुधा, अँटिबायोटिक नको, श्वासावर लक्ष ठेवा, दोन दिवसांनी दाखवा," असं सांगितलं. ३५ म्हणजे नॉर्मल तर नाही ना? एकाच घरातला आजार दोघांना वेगळा कसा? एवढ्या तपासण्या करून "बहुधा" का? मुलाचं थोडं सिरप उरलंय, ते मुलीला सुरू करू का? आणि मुलाला शाळेत कधी पाठवू?
– दोन मुलांची आई

उत्तर : सिरपपासून सुरुवात करते. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण सिरपचा निर्णय तुम्ही कदाचित आज रात्रीच घ्याल. मुलीला ते देऊ नका. अमॉक्सिसिलिनचा डोस वजनावर ठरतो. सहा वर्षांच्या भावाच्या बाटलीवरून दीड वर्षाच्या बहिणीचा डोस अंदाजाने काढायचा नसतो. पावडरीत पाणी घालून केलेलं सिरप टिकतही नाही फार दिवस. किती दिवसांत संपवायचं ते लेबलवर असतं, त्यापुढे ते टाकूनच द्यायचं. माझी मुख्य हरकत मात्र निराळी आहे. तुम्ही मुलीला पुन्हा न्याल तेव्हा अँटिबायोटिक न देता आजार कुठल्या दिशेला चाललाय, हेच डॉक्टरांना बघायचं आहे. मधेच दोन-चार डोस पोटात गेले, तर ती बरी झाली तरी कशाने झाली ते कळणार नाही. अंगावर पुरळ उठलं किंवा जुलाब लागले, तर ते विषाणूचे की औषधाचे, हाही नवा घोळ.

आता चुकलं कोण? पत्रात लिहिलंय त्यावरून मला दोघंही डॉक्टर बरोबर वाटतात.

लहान मुलांच्या न्यूमोनियात विषाणूंचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत २०१० ते २०१२ मध्ये तीन शहरांतल्या रुग्णालयांत न्यूमोनियाने दाखल झालेल्या दोन हजारांवर मुलांच्या, शक्य तेवढ्या सगळ्या तपासण्या करून पाहिल्या. ६६ टक्के मुलांत फक्त विषाणू सापडले, ८ टक्क्यांत फक्त जिवाणू, ७ टक्क्यांत दोन्ही. उरलेल्या १९ टक्क्यांत काहीच हाती लागलं नाही. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत पाच वर्षांखालच्या गंभीर आजारी मुलांचा असाच मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाणूंचा वाटा सुमारे ६१ टक्के आणि जिवाणूंचा सुमारे २७ टक्के निघाला. एकट्या आरएसव्हीचा ३१ टक्के. दोन अभ्यासांत जिवाणूंचे आकडे इतके वेगळे का, याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक तुमच्या "बहुधा का?" या प्रश्नाचं उत्तरच आहे : फुप्फुसातला जिवाणू पकडणं फार अवघड असतं.

मोठ्या माणसाला "खाकरून डबीत थुंका" म्हणता येतं. दीड वर्षाचं मूल कफ गिळून टाकतं. रक्ताचं कल्चर करावं, तर न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी अगदी थोड्यांच्याच रक्तात जिवाणू उगवतो, कारण तो फुप्फुसात असतो, रक्तात उतरलेला असतोच असं नाही. फुप्फुसात सुई घालून नमुना काढता येतो, पण एवढ्यासाठी कोणी ते करत नाही आणि करूही नये. राहिलं नाक. नाकातला स्वाब नाकाबद्दल सांगतो. जिवाणूजन्य न्यूमोनियाचा मुख्य आरोपी न्यूमोकॉकस. तो कितीतरी धडधाकट मुलांच्या नाका-घशात नुसता बसून असतो, म्हणून नाकात सापडला यावरून छातीचं काहीच सिद्ध होत नाही. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरसही बऱ्या मुलांत सर्रास सापडतो. आरएसव्हीचं तसं नाही. तो तब्येत चांगली असलेल्या मुलांत क्वचित दिसतो, त्यामुळे आजारी मुलीच्या नाकात तो निघाला याला वजन आहे. पण आरएसव्ही आहे म्हणजे सोबत जिवाणू नाहीच, अशी खात्री तो रिपोर्ट देत नाही. डॉक्टर "बहुधा" म्हणाले ते प्रामाणिक होते. "शंभर टक्के व्हायरल" म्हणाले असते तर मला जास्त काळजी वाटली असती.

मग ठरवतात कशावरून? कुठल्याही एका खुणेवरून नाही. वय, सुरुवात कशी झाली, छातीत काय ऐकू येतं, मूल एकंदर दिसतं कसं आणि लसी झाल्यात का, हे सगळं एकत्र धरून.

तुमच्या मुलाचंच बघा. साधी सर्दी होती, ती उतरणीला लागली असेल-नसेल, आणि एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप फणफणला. असं एकदम कोसळणं जिवाणूच्या बाजूला झुकतं. दुसरं, पोटदुखी. फुप्फुसाच्या खालच्या भागाला न्यूमोनिया झाला की तिथलं आवरण सुजतं, आणि मुलाला ती कळ पोटात जाणवते. अपेंडिक्स समजून सर्जनकडे पाठवलेल्या मुलाला शेवटी न्यूमोनिया निघतो, हे बालरोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक असतं. अशी मुलं श्वास तोडून-तोडून, वरच्यावर घेतात, कारण खोल घेतला की दुखतं. दुखऱ्या कुशीवर कललेली असतात, श्वास सोडताना बारीक कण्हतात. स्टेथोस्कोप लावला तर एकाच जागी आवाज बदललेला असतो, बाकी छाती स्वच्छ. त्यात वय सहा, एक्स-रेत एकाच जागी डाग आणि सीआरपी १४०. यातली एकेक खूण सुटी घेतली तर कच्ची आहे, पण सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवत असताना अँटिबायोटिक न देणं धाडसाचं ठरलं असतं. दोन दिवसांत ताप उतरला, तेही जुळतं.

मुलीचं चित्र जवळजवळ उलटं आहे. आधी नाक, मग खोकला, मग छाती. आजार एकेक पायरीने खाली उतरला. वय दीड. ताप मध्यम. आणि तो शिट्टीसारखा आवाज. अख्ख्या छातीत, दोन्ही बाजूंना सूं-सूं ऐकू आलं, तर विषाणूकडे कल जातो, कारण ती बारीक श्वासनलिकांची सूज असते. न्यूमोकॉकस सहसा असा आवाज काढत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुढच्या भेटीत लसीचं कार्ड नक्की न्या. हिब (न्यूमोनिया करणारा आणखी एक जिवाणू) आणि न्यूमोकॉकल लसींचे डोस वेळेवर झालेले असतील, तर गंभीर जिवाणूजन्य न्यूमोनियाची शक्यता बरीच खाली येते आणि "थांबून बघू" हा निर्णय आणखी भक्कम होतो. डोस राहिले असतील तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं. त्यांचा हिशेब बदलू शकतो.

आता तो ३५ चा आकडा. नॉर्मल नाही, हे खरं. पण सीआरपी म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू आहे एवढीच बातमी. दाह कोणी केला ते तो सांगत नाही. विषाणूच्या आजारात २०, ३०, ५० असे आकडे नेहमीचेच. खूप वर गेला की जिवाणूचा संशय वाढतो, पण तिथेही फसगत होते. अ‍ॅडेनोव्हायरस नावाचा एक विषाणू सीआरपी शंभरापार नेतो, पांढऱ्या पेशी वाढवतो, ताप पाच-पाच दिवस उतरू देत नाही. रिपोर्ट वाचणारा हमखास चकतो. प्रोकॅल्सिटोनिन म्हणून आणखी एक तपासणी आहे. ती अगदी कमी आली तर नेहमीचा जिवाणू नसावा असा दिलासा मिळतो. वाढलेली आली तर मात्र पुन्हा तोच संभ्रम. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून निर्णय घेऊ नये, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे.

एक्स-रेचंही तसंच. पुस्तकात लिहिलेलं असतं की एका भागात घट्ट पांढरा डाग म्हणजे जिवाणू, दोन्हीकडे पसरलेल्या अंधूक रेघा म्हणजे विषाणू. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार दोन्हींत दिसतात, आणि एकच फिल्म दोन रेडिऑलॉजिस्टना दाखवली तर मतं वेगळी पडू शकतात. घरी ठेवून उपचार करण्याजोग्या मुलाला तर एक्स-रेची गरज बहुतेक वेळा नसतेच. मुलीचा काढला नाही म्हणून हयगय झाली, असं मनात आणू नका.

नुसत्या तापाच्या आकड्यावरून किंवा कफाच्या रंगावरून तर काहीच ठरत नाही. फ्लूचा विषाणू १०४ ताप सहज चढवतो. कफ हिरवा होतो तो पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकरामुळे, आणि त्या पेशी विषाणूशी लढतानाही येतातच. "हिरवा झाला, आता अँटिबायोटिक हवंच" हा समज इतका घट्ट बसलाय की मी तो खोडायचा नाद जवळजवळ सोडून दिलाय, तरी इथे लिहून ठेवते.

एकाच घरात दोन वेगळे आजार कसे, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण कदाचित ते पूर्ण वेगळे नाहीतच. मुलाला आधी झालेली सर्दी आरएसव्हीचीच असू शकते. सहा वर्षांच्या मुलात हा विषाणू बहुधा सर्दी-खोकल्यावर थांबतो. पण श्वासमार्गाचं आतलं अस्तर तो खरवडून ठेवतो, आणि नाकात आधीच बसलेल्या न्यूमोकॉकसला खाली उतरायला वाट मिळते. बहिणीला तोच विषाणू लागला, पण तिच्या श्वासनलिका बारीक आणि या विषाणूची ओळख बहुधा पहिलीच, म्हणून तो स्वतःच छातीत उतरला. तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण क्रम जुळतो.

विषाणू आणि जिवाणू यांची ही भागीदारी किती पक्की असते, ते दक्षिण आफ्रिकेत सोवेटो इथल्या एका लसचाचणीत दिसलं. २००४ मध्ये निष्कर्ष आले : न्यूमोकॉकसची, म्हणजे जिवाणूची लस दिलेल्या मुलांमध्ये विषाणू सापडलेल्या न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. लस जिवाणूची आणि कमी झाला "व्हायरल" न्यूमोनिया. म्हणजे त्यातल्या बऱ्याच मुलांत दोघंही होते, सापडत होता फक्त विषाणू. हे कळल्यापासून "बॅक्टेरियल की व्हायरल" हा प्रश्न मी तरी हो-नाहीचा मानत नाही.

यातूनच डॉक्टरांमध्ये मतभेद होतात, आणि ते मोठ्या पातळीवरही आहेत. २०११ मध्ये मुलांच्या न्यूमोनियावर दोन मोठ्या मार्गदर्शिका निघाल्या. ब्रिटिश तज्ज्ञ म्हणाले, फरक खात्रीने करता येत नाही, तेव्हा न्यूमोनियाचं निदान स्पष्ट असेल तर अँटिबायोटिक द्या. अमेरिकन तज्ज्ञ म्हणाले, शाळेच्या वयाआधीच्या मुलांत बहुतेक न्यूमोनिया विषाणूंचेच असतात, तेव्हा सरसकट देऊ नका. पुरावा तोच, निष्कर्ष दोन. मात्र दोन वर्षांखालचं, सौम्य आजारी, न्यूमोकॉकल लस घेतलेलं मूल असेल तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही, असं ब्रिटिशांनीही म्हटलंय. तुमची मुलगी तिथेच बसते, लसी झाल्या असतील तर. मी स्वतः अमेरिकन बाजूला झुकते, पण एका अटीवर : मूल दोन दिवसांत पुन्हा डोळ्यांखालून गेलं पाहिजे. परत येणं जमणार नसेल, किंवा रात्री दवाखाना गाठणं अवघड असेल, तर मी आधीच औषध देईन. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी परत बोलावलंय. ते बोलावणं हा उपचाराचाच भाग आहे, चुकवू नका.

तोपर्यंत तुमच्या हातात एक तपासणी आहे, आणि ती सीआरपीपेक्षा उपयोगी आहे : श्वास मोजणं. मुलगी झोपलेली किंवा मांडीवर शांत असताना मोजा. रडताना, दूध पिताना नाही, आणि ताप चढलेला असताना तर नाहीच, कारण तापात श्वास वाढतोच. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे देऊन ताप उतरू द्या. मग झबलं वर करा, पुरेसा उजेड असू द्या आणि पोट-छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, हिशेब चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. दोन महिने ते एक वर्ष या वयात तो आकडा ५०, आणि दोन महिन्यांखाली ६०. (इतक्या तान्ह्या बाळाला नुसता ताप आला, तरी घरी मोजत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.)

मोजताना बरगड्यांच्या खाली बघा. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडतोय का? पोट उडतंय का, नाकपुड्या फुलतायत का? आकडा ४० च्या आसपास असूनही मूल खेळत असेल, पीत असेल, तर फोन करून विचारता येईल. पण छाती आत ओढली जात असेल, श्वास सोडताना कण्हत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, पाणी किंवा दूध ओढेनाशी झाली असेल, सगळं उलटून टाकत असेल, झटका आला असेल किंवा हाक मारून जागी होत नसेल, तर यातलं एकही लक्षण पुरे. तडक रुग्णालय गाठा. घरी ऑक्सिमीटर असेल तर ९२ च्या खालचा आकडा म्हणजेही रुग्णालय. मात्र मोठ्यांची क्लिप इवल्या बोटावर नीट बसत नाही आणि गार हातावर खोटे आकडे येतात, म्हणून चांगला आकडा आला तरी वरचं बघणं सोडू नका.

आरएसव्हीत त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढतो, मग हळूहळू ओसरतो. पत्र लिहिलंत तेव्हा मुलगी बहुधा त्या शिखरावरच होती, म्हणून तुमची घालमेल समजू शकते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते एका वेगळ्या वळणाला : ताप उतरला, एक-दोन दिवस बरं गेलं, आणि मग पुन्हा जोरात ताप आला, मूल मलूल झालं. तो दुसरा ताप जिवाणू आत शिरल्याची खूण असू शकतो. भावाचं साधारण असंच झालं होतं. तसं झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. अँटिबायोटिकचा प्रश्न तेव्हा नव्याने उघडेल.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. नाकात सलाइनचे थेंब, विशेषतः पाजण्याआधी. थोडं-थोडं, वरचेवर पाजा. खोकल्याची सिरपं नकोत. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ तर मुळीच नको. तिचा उपयोग नाही आणि भाजण्याचा धोका खरा आहे. पाठ थोपटून कफ मोकळा होतो असं पुष्कळ जण सांगतील. न्यूमोनियात त्याचा फायदा दिसलेला नाही.

मुलाचा कोर्स पाचच दिवसांचा होता म्हणून मनात किंतु असेल, तर तोही सोडा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मुलांवर तीन दिवस आणि सात दिवस अमॉक्सिसिलिन देऊन तुलना केली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले; फार गंभीर नसलेल्या न्यूमोनियात तीन दिवसही कमी पडले नाहीत. तो खडखडीत बरा असेल तर एक्स-रे पुन्हा काढायचं कारण नाही. डाग पुसला जायला काही आठवडे लागतात, लवकर काढलात तर उगाच जीव टांगणीला लागेल. औषध घेऊनही दोन-तीन दिवसांत ताप हललाच नसता, तर फुप्फुसाबाहेर पू साठलाय का, किंवा हा मायकोप्लाझ्मा नावाचा वेगळा जिवाणू तर नाही ना, हे बघावं लागलं असतं. मायकोप्लाझ्मा शाळेच्या वयातच जास्त दिसतो, हळूहळू चढतो, कोरडा खोकला हटत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

शाळेचं म्हणाल, तर तापाचं औषध न देता पूर्ण दिवसभर ताप आला नसेल, जेवत-खेळत असेल, तर उद्यासुद्धा पाठवा. खोकला थोडा असला तरी चालेल. मैदानावरची धावपळ आठवडाभर त्याच्या दमाप्रमाणे होऊ द्या, आणि धावताना कुशीत दुखतं म्हणाला तर त्याच्या डॉक्टरांना एकदा छाती ऐकायला सांगा.